चार कांड्या दिसतात, पण इंटरनेट कुठंय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे निघाला असाल तर प्रवासातल्या इंटरनेटबद्दल विचारा, असं गेल्या अंकात मी शेवटी एका ओळीत लिहिलं होतं. त्यावर पत्रांचा आणि मेलचा ढीग आला. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, शब्द वेगळे : ‘ताई, कोणतं मशीन घेऊ?’ मशीन म्हणजे हॉटस्पॉट, सिम घातलं की आसपासच्या फोन-लॅपटॉपना वायफाय देणारी खिशातली डबी. मी दूरसंचार खात्यात ३४ वर्षं काढली. सुरुवात मिरजेच्या ट्रंक बोर्डावर, कानाला हेडफोन लावून बाहेरगावचे कॉल हाताने जोडण्यात झाली, शेवट टॉवरच्या हिशेबात. एवढ्या वर्षांत झालेलं माझं एक मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची उत्तरं वाचताना माझा राग येणार नाही. मशीन नेटवर्क आणत नाही, आलेलं नेटवर्क फक्त वाटतं. नळालाच पाणी नसेल तर खाली पितळेची घागर ठेवली काय नि प्लास्टिकची बादली ठेवली काय!

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला पाच महिन्यांसाठी निघालो आहोत. सुनेचं बाळंतपण आहे. दोघांकडे इथेच घेतलेले अँड्रॉइड फोन आणि प्रीपेड सिम आहे. इथूनच इंटरनॅशनल रोमिंगचा मोठा पॅक मारून जावं की तिकडे सिम घ्यावं? माझी पेन्शन बँकेत जमा होते, तिचे व्यवहार मोबाइलवरूनच करतो.
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. इंटरनेट तिकडे मुलाच्या घरी वायफायवर मिळेलच. तुमचा इथला नंबर मात्र तिकडे कोणी देणार नाही. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो, म्हणून पाच महिने तो जिवंत राहायला हवा. तुमची अमेरिका इंटरनेटवाचून अडणार नाही, ओटीपीवाचून अडेल.

रोमिंगचे पॅक दहा-बारा दिवसांच्या सहलीसाठी ठीक. पाच महिन्यांना ते परवडत नाहीत. उतरल्यावर ‘पोचलो’ म्हणायला आणि मुलगा विमानतळावर दिसेपर्यंत उपयोगी पडेल असा एखादा लहान पॅक घ्या, बाकी तिकडचं सिम. बहुतेक मुलं आपल्या फॅमिली प्लॅनमध्ये आई-वडिलांची एकेक लाइन वाढवून घेतात, ते सोपं पडतं.

आता इथल्या नंबरचं. निघण्यापूर्वी परतीच्या तारखेच्या पुढे निदान महिनाभर जाईल असं रिचार्ज मारा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल. असे पॅक आता मिळतात, पण जाहिरातीत ते पुढे येत नाहीत. दुकानदाराला मुद्दाम विचारा. तिकडे बसून भारतातला डेटा रोज २ जीबी मिळून तुम्ही काय करणार?

इंटरनॅशनल रोमिंग ही सेवा चालू करून घ्या आणि फोनमध्ये त्या सिमचा ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात. पहिली चालू असेल तर एसएमएस पोचतो, आणि येणाऱ्या एसएमएसचे साधारणपणे पैसे पडत नाहीत. दुसरी चुकून चालू राहिली तर पॅक नसताना पडणारा दर पाहून मला आमचे ट्रंक कॉलचे दिवस आठवतात. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार होते. लाइटनिंगला आठपट पैसे, पण निदान ते गिऱ्हाइकाला आधी माहीत असायचे!

येणारे कॉल मात्र फुकट नाहीत. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. इथे सकाळी साडेअकराला कुणीतरी ‘तुमच्या गाडीचा विमा संपतोय’ म्हणून फोन फिरवतो, तो तिकडे रात्री दोनला वाजतो. तुम्ही काळजीने उचलता आणि झोपमोडीचे मिनिटावर पैसे भरता. ओळखीच्या सगळ्यांना व्हॉट्सॲपवरच फोन करायला सांगून ठेवा, आणि व्हॉट्सॲप ‘नंबर बदललात का?’ म्हणून विचारेल तेव्हा ‘नाही’ म्हणा.

आणखी तीन बारीक गोष्टी, ज्या बारीक नाहीत. जुनं सिम बदलून नवं किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच बसणारं सिम) करून घ्यायचं असेल तर ते निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. दुसरं, तिकडे मुलगा हौसेने नवा फोन देईल. तो घ्या, त्याच्यावर नातवाचे फोटो काढा, पण बँकेचं आणि यूपीआयचं ॲप जुन्या फोनवरच राहू द्या. नव्या फोनवर यूपीआय नोंदवताना तुमच्या भारतीय सिमवरून एक एसएमएस आपोआप बाहेर जावा लागतो आणि परदेशातून नेमकं तिथेच घोडं अडतं. तिसरं, तुमच्या फोनमध्ये सिमचे दोन कप्पे खरंच आहेत का ते उघडून पाहा. पुष्कळ फोनमध्ये दुसऱ्या कप्प्यात एक तर सिम बसतं, नाही तर मेमरी कार्ड.

अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. त्यामुळे तुमचा फोन तिकडच्या फोरजीवर बोलू शकतो का, हे पाहावं लागतं. *#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक येईल, तो मुलाला पाठवा. तिकडच्या सिम कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकला की कळतं. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनमध्ये तिकडचे १२, १३, ७१ हे लांब पोचणारे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, पुष्कळदा नसतात. शहरात निभावतं, पण यलोस्टोनसारख्या ठिकाणी मुलाच्या फोनला रेंज आणि तुमच्या फोनला काहीच नाही, असं होतं.

प्रश्न : मुलीकडे दुबईला जातेय. तिथलं सिम घेतलं तर व्हॉट्सॲप कॉल करता येतात ना?
– एक आजी, डोंबिवली

नाही. मेसेज आणि फोटो जातात, कॉल लागत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलायला बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप्सच चालतात. इथल्या मंडळींच्या फोनमध्ये ते ॲप निघण्यापूर्वी बसवून त्यांना एकदा वापरायला शिकवा. जावई व्हीपीएनची युक्ती सुचवतील, पण तिकडे तिच्या गैरवापराला जबर दंड आहे. नको ती भानगड.

प्रश्न : मी ठाण्यात आयटीत आहे. गणपतीला आणि त्याला जोडून महिनाभर राजापूर तालुक्यातल्या गावी राहून काम करायचा विचार आहे. घरात रेंज दोन कांड्या, कधी शून्य. रोज तीन-चार तास मीटिंग असतात. पोर्टेबल हॉटस्पॉट घ्यायचं पक्कं केलंय, फक्त कोणतं ते सांगा. रेल्वेने जाताना गाडीतूनही काम करता येईल का?
– एक वाचक, ठाणे

‘पक्कं केलंय, फक्त कोणतं ते सांगा’ हे वाक्य मी सोनाराच्या दुकानातही ऐकलंय. थांबा जरा.

दोन वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यात माझ्या धाकट्या भावाकडे हाच प्रसंग होता. भाची घरून काम करायची आणि मीटिंग आली की छत्री घेऊन विहिरीपाशी जाऊन उभी राहायची. मी गेले तेव्हा आधी कांड्या बघणं बंद करायला लावलं. कांड्या प्रत्येक फोन आपापल्या मनाने काढतो. खरा आकडा आत लपलेला असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ इथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’ म्हणून डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या मापात, दिसतो. आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीला उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०५ला कसंबसं चालतं, उणे ११८ला जीव धरून असतं.

वही घेऊन आम्ही घरभर फिरलो. ओटीवर उणे १०८. माजघरात उणे ११८, कारण चारी बाजूंनी चिऱ्याच्या जाड भिंती. न्हाणीघराच्या मागे, जिथे कुणी बसणार नाही, तिथे उणे १०१. माळ्यावर चढलो. कौलांमध्ये उजेडासाठी एक काचेचं कौल बसवलंय, त्याच्या खाली फोन धरला तर उणे ९४. भाची म्हणाली, ‘आत्या, मी आता माळ्यावर आंब्याच्या पेट्यांत बसून मीटिंग करू का?’ इथे हॉटस्पॉटचं काम येतं. फोन माणसाबरोबर फिरतो, हॉटस्पॉट जिथे रेंज आहे तिथे एकटा बसू शकतो. आम्ही तो काचेच्या कौलाखाली वाशाला बांधला, माळ्यावर एक प्लग पॉइंट काढला, आणि भाची खाली ओटीवर टेबलाशी बसली. घरातल्या घरात वायफाय लाकडी माळ्यातून सहज खाली येतं. चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडायच्या म्हटलं तर मात्र धापा टाकतं.

म्हणजे तुमच्या घरात एक तरी जागा अशी सापडली पाहिजे जिथे आकडा बरा आहे. ती सापडली नाही तर कुठलंही मशीन घ्या, ते तुमच्या फोनइतकंच असहाय असेल. उलट साध्या हॉटस्पॉटपेक्षा चांगल्या फोनचा अँटेना बरा असतो. अशा वेळी छपरावर बाहेर बसवायचा अँटेनावाला फोरजी राउटर घ्यावा लागतो.

दुसरं, कंपनी कोणती हे मशीनच्या आधी ठरवा. शेजारच्या तीन घरांत वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील, ती तुमच्या माळ्यावर घालून पाहा. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून शिरतात. २३०० दम सोडते. फाइव्हजीची ३५०० तर आणखी लवकर. लहरीची लांबी मोजली तर ८५०ची ३५ सेंटिमीटर भरते, ३५००ची नऊसुद्धा नाही. डोंगराआडच्या वाडीत फाइव्हजीच्या जाहिरातीला भुलून मशीन घेऊ नका, त्यात खालचे बँड आहेत का ते खोक्यावर वाचा. आणि ‘अनलॉक’ आहे का ते विचारा. एकाच कंपनीला बांधलेलं यंत्र गावात त्या कंपनीचा टॉवर नसेल तर पेपरवेट म्हणून वापरावं लागतं.

आता डेटाचा हिशेब, हा कोणी करत नाही. दोघांच्या झूम कॉलला चांगल्या चित्रासाठी साधारण सेकंदाला ६०० किलोबिट जायला आणि तेवढेच यायला लागतात. तासाला हे दोन्ही मिळून सुमारे ५४० एमबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तीन तास भरायच्या आत तो संपतो, आणि मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तीन एमबीचा एक फोटो जायला सहा मिनिटं. तुमची चौथ्या तासाची मीटिंग या वेगावर होणार असेल तर साहेबांना तुमचं तोंड मारुतीच्या मूर्तीसारखं स्थिर दिसेल. तेव्हा रोजच्या कोट्याचा पॅक न घेता महिन्याचा एकगठ्ठा डेटा देणारा घ्या, म्हणजे रविवारचा उरलेला सोमवारी वापरता येतो. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलने ‘अमर्याद फाइव्हजी’ रोज २ जीबी किंवा जास्त देणाऱ्या पॅकवरच ठेवलं. फोरजी हॉटस्पॉटमध्ये ते सिम घातलंत तर अमर्याद काहीच नाही, फोरजीचा कोटा तेवढा खर्च होतो.

हे सगळं करण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा की भारतनेटची (सरकारच्या गावोगावच्या इंटरनेट योजनेची) किंवा कुठल्या केबलवाल्याची फायबर गावात आली आहे का. आली असेल तर महिनाभराचं कनेक्शन घ्या आणि माझं वरचं सगळं विसरा. भाद्रपदात वीज गेली की टॉवर थोडे तास बॅटरीवर चालतो, मग तोही झोपतो. फायबरच्या डब्याला निदान तुमचा इन्व्हर्टर तरी जागं ठेवेल.

एक सावधगिरी. माझं पहिलं हॉटस्पॉट मी राउटरसारखं वर्षभर चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवलं होतं. एक दिवस बघते तर मागचं झाकण वर आलेलं, आत बॅटरी पुरीसारखी टम्म. ही यंत्रं खिशातून फिरायला बनवलेली असतात, महिनोन्‌महिने भिंतीला टांगायला नाही. सतत लावायचं असेल तर बॅटरी काढून नुसत्या विजेवर चालणारं घ्या.

गाडीचं विचारलंत. कोकण रेल्वेवर उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, आणि तो काही एकटाच नाही. मीटिंग ठेवू नका. खिडकीत बसा. रत्नागिरी स्टेशनावर गाडी थांबते तेव्हा रेल्वेच्या रेलवायरचं वायफाय मिळतं, दिवसाची पहिली ३० मिनिटं फुकट. तेवढ्यात ईमेल जातील, आणि वडापाव घ्यायचा असेल तर ईमेल राहू दे.

प्रश्न : मे महिन्यात बारा दिवसांची युरोप टूर आहे. पॅरिस, स्वित्झर्लंड, जर्मनी, इटली. आम्ही सहा जण. टूरवाले म्हणतात हॉटेलात वायफाय आहे. प्रत्येकाला रोमिंग घ्यायचं की एक भाड्याचं हॉटस्पॉट पुरेल की ई-सिम?
– एक वाचक, कोल्हापूर

हॉटेलातलं वायफाय तुम्ही हॉटेलात असताना असतं. टूरवर माणूस हॉटेलात झोपायलाच येतो.

सहा जणांत एक हॉटस्पॉट हे कागदावर स्वस्त. प्रत्यक्षात बाबा लुव्र संग्रहालयाच्या रांगेत, आई आणि काकू बाहेर दुकानात, आणि हॉटस्पॉट ज्याच्या खिशात तो कॉफी प्यायला गेलेला. हरवलेल्या माणसाला सापडायला इंटरनेट लागतं आणि तेच त्याच्याकडे नसतं. दोघा-तिघांकडे स्वतंत्र ई-सिम असू द्या, म्हणजे प्रत्येक टोळक्यात एक असेल. बाकीचे त्याच्या फोनवरून हॉटस्पॉट घेतील. तुमच्या फोनला ई-सिम चालतं का हे *#०६# दाबल्यावर कळतं. आयएमईआयबरोबर ‘ईआयडी’ अशी लांबलचक ओळ आली तर चालतं.

देशांची यादी मात्र बारकाईने वाचा. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग न भरता चालतं. नॉर्वे, आइसलँडही त्यात आहेत. स्वित्झर्लंड त्यात नाही. आपल्या लोकांच्या टूरचा कळस म्हणजे तिथलं युंगफ्राउ शिखर, आणि नेमकं तेच यादीबाहेर! मी मुलीकडे श्टुटगार्टला होते तेव्हा तिथल्या सिमवर स्वित्झर्लंडमधला राइनचा धबधबा बघायला गेले. जर्मनीची हद्द ओलांडून शाफहाउजेन यायच्या आत फोनवर स्वागताचा एसएमएस आला. मी तो स्वागताचा समजून वाचला नाही. त्यात दर होते. धबधब्याचा जो व्हिडिओ मी मिरजेला पाठवला तो आमच्या खानदानातला सगळ्यात महाग व्हिडिओ आहे.

हद्दीजवळच्या गावांत तर हद्द ओलांडायचीही गरज नसते. कॉन्स्टान्झमध्ये जर्मनीच्या बाजूला बाकावर बसलात तरी फोन समोरचा स्विस टॉवर पकडतो, त्याला जोरदार सिग्नलशी मतलब, नकाशाशी नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ आपोआपवरून काढून हाताने जर्मन कंपनी निवडायची. तुम्ही ई-सिम घेताना ‘स्वित्झर्लंड’ हे नाव यादीत डोळ्यांनी दिसलं तरच पैसे भरा. नुसतं ‘युरोप’ लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका. लंडन टूरमध्ये असेल तर ब्रिटनचंही तेच.

ई-सिम घरी वायफायवर बसवून ठेवा, चालू पॅरिसला उतरल्यावर करा. क्यूआर कोड कॅमेऱ्याने स्कॅन करायचा असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा, आपल्याच पडद्यावरचा आपल्याच कॅमेऱ्याने कसा होणार? आणि काम झालं म्हणून मधेच ते ई-सिम डिलीट करू नका. बहुतेक कोड एकदाच चालतात. सहलीची ई-सिम बहुधा नुसत्या डेटाची असतात, त्यांना फोन नंबर नसतो. त्यामुळे सांगलीच्या सरांना दिलेला ओटीपीचा सल्ला तुम्हालाही लागू.

प्रश्न : आई-बाबा दरवर्षी आळंदीहून पायी वारीला जातात. फोनमध्ये रेंज पूर्ण असते पण व्हॉट्सॲप जात नाही, कॉल लागत नाही. यंदा त्यांना वेगळा हॉटस्पॉट देऊ का?
– एक वाचक, बार्शी

देऊ नका, ओझं होईल. रेंज म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय एवढंच. तुमचं बोलणं ऐकायला त्याला सवड आहे का, हे कांड्या सांगत नाहीत. कळस दिसतो म्हणजे दर्शन झालं असं नसतं, रांग असतेच. कंपन्या वारीच्या मार्गावर चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे करतात, तरी लाखो माणसं एका मुक्कामावर आली की रांग लागणारच.

तीन गोष्टी करा. व्हॉट्सॲप कॉलऐवजी साधा कॉल करा. फोरजीवर साध्या कॉलला डेटाच्या आधी वाट दिली जाते. तोही नाही लागला तर साधा एसएमएस, तो इवलासा असतो, कुठूनही निसटतो. आणि वेळ ठरवा : पहाटे चारला, दिंडी निघायच्या आधी. तेव्हा निम्मी वारी आंघोळीला गेलेली असते, टॉवर मोकळा असतो. बाबांच्या फोनमधला फोटोंचा आपोआप बॅकअप बंद करा. आईच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम असू द्या, दोघांना एकाच कंपनीचं नको.

प्रश्न : आम्ही चौदा जण जूनमध्ये बाइकवरून लेह-लडाखला निघालोय. सगळ्यांची प्रीपेड सिम आहेत. कोणता डेटा पॅक घ्यावा?
– एक वाचक, सातारा

कोणताही घेतलात तरी उपयोग नाही. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालतच नाहीत, पोस्टपेड लागतं. चौदाही जणांनी बदलायची गरज नाही. चार-पाच जणांनी वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड करा, त्यात एक तरी बीएसएनएल असू द्या. (हे मी माहेरच्या प्रेमाने सांगत नाही. बरं, थोडं सांगतेही.) बदल निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी करा आणि परत लगेच प्रीपेड होता येत नाही हे धरून चाला. नकाशे मनालीत हॉटेलच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्या. नुब्रा, पँगाँगच्या वाटेवर पोस्टपेडचाही भरवसा धरू नका. रात्रीचा मुक्काम कुठे ते घरी सकाळीच सांगून निघा.

प्रश्न : मूळचा नाशिकचा, पंधरा वर्षं कॅल्गरीत. डिसेंबरात येऊन हरिश्चंद्रगड करणार आहे. इथे डोंगरात जाताना मी खिशात मावणारा उपग्रह मेसेंजर नेतो, मदतीचं बटण दाबलं की काम होतं. तो घेऊन येऊ ना?
– एक वाचक, कॅनडा

मुळीच आणू नका! भारतात उपग्रहावरून बोलणारी किंवा संदेश पाठवणारी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्येच गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक महिलेकडे असं यंत्र सापडलं आणि पोलिसांत प्रकरण गेलं. तीही डोंगरात धावणारी, हेतू तुमच्यासारखाच साधा. सामान तपासणारा हेतू बघत नाही. आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर तो खुशाल आणा, त्यातली उपग्रहाची सोय इथे चालत नाही एवढंच.

कोकणकड्यावर कुठल्या कंपनीची रेंज कधी येईल सांगता येत नाही, पण ११२ लावून पाहा. तुमच्या कंपनीचा टॉवर नसेल तरी दुसऱ्या कुणाचा मिळाला तर हा कॉल त्यावरून जातो. त्याहून खात्रीचं म्हणजे पाचनई किंवा खिरेश्वर, ज्या गावातून चढाल तिथे जेवण सांगून जा. पिठलं-भाकरी सांगितलेला माणूस रात्रीपर्यंत उतरला नाही तर गाव शोधायला निघतं.

प्रश्न : हॉटस्पॉट, दोन फोन आणि टॅब यांना पुरेल अशी ३०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली आहे. विमानात चालेल ना?
– एक वाचक, पुणे

दुकानदाराने एमएएच सांगितले, विमानवाले वॅट-तास विचारतात. एमएएचला ३.७ने गुणून हजाराने भागा. २०,०००ची ७४ वॅट-तास होते, चालते. तुमची १११. शंभरच्या वर गेलात की विमान कंपनीची आधी परवानगी लागते, म्हणजे दारावर वाद. दहा हजारांच्या दोन घ्या, एक तुमच्याकडे आणि एक सौभाग्यवतींकडे. ठेवायच्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. चीनला जात असाल तर तिथल्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून ‘थ्री सी’ची (त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत.

आणि तिच्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. माझी जुनी पर्समध्ये घासून घासून गुळगुळीत झाली होती. सुरक्षा तपासणीतल्या मुलीने ती उलटीसुलटी करून पाहिली, ‘काकू, याच्यावर काहीच लिहिलेलं नाही’ म्हणाली आणि बाजूच्या खोक्यात टाकली. नवी घेतली त्या दिवशीच तिच्या आकड्यांवर मी पारदर्शक चिकटपट्टी लावून टाकली.